कुत्र्याच्या छातीचा फोटो

सर्दी-पडसं कुत्र्यालाही होतं. पण पिल्लाच्या डोळ्यांत चिपडं, नाकाला घट्ट शेंबूड, ताप आणि खोकला असं सारं एकदम आलं, तर हळद-दूध पाजत बसू नये. तो डिस्टेंपर असू शकतो. त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा चुलतभाऊ. हा रोग विषाणूचा आहे, हे १९०५ साली फ्रान्समध्ये कारे यांनी दाखवलं.

वर्ध्याला आमच्या गल्लीतलं एक पिल्लू असंच धापा टाकू लागलं. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. टोपलीत घालून आम्ही त्याला नागपूरला नेऊ लागलो, तर शेजारचे काका म्हणाले, "कुत्र्याचा बी फोटू काढता काय जी?"

काढतात. फक्त 'श्वास रोखून धर' हे त्याला सांगता येत नाही. कुशीवर निजवून, पुढचे पाय ओढून धरून, छाती पूर्ण भरल्याचा क्षण गाठावा लागतो. अर्ध्या श्वासातलं निरोगी फुप्फुसही फोटोत रोगट दिसतं.

हवा काळी, हाड पांढरं, एवढं आपल्यालाही कळतं. विषाणूने सूज आणली की काळ्या फुप्फुसावर धुक्यासारखी करडी जाळी पसरते. पुढे जिवाणूंनी न्यूमोनिया केला, की फुप्फुसाच्या पुढच्या-खालच्या भागात पांढरे ढग दाटतात आणि त्यांतून श्वासनलिकांच्या काळ्या फांद्या उठून दिसतात. आमच्या पिल्लाला नुसती जाळी होती.

पण फोटोत फुप्फुस दिसतं, विषाणू नव्हे! तशी जाळी इतर कारणांनीही दिसते. उलट आजाराच्या सुरुवातीला फोटो अगदी स्वच्छही येतो. नक्की निदानासाठी स्रावाची पीसीआर तपासणी लागते. मग फोटो कशाला? तर न्यूमोनिया किती आहे, हटतोय की वाढतोय, हे पाहायला. विषाणूवर खात्रीचं औषध आजही नाही; प्रतिजैविकं लढतात ती मागून आलेल्या जिवाणूंशी. छाती सुधारल्यावरही काही आठवड्यांनी झटके येऊ शकतात. आमचं पिल्लू वाचलं, पण त्याचा मागचा एक पाय अजून थरथरतो.

लस मात्र आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस आपल्या लक्षात राहते, ही राहत नाही.

हा विषाणू कुत्र्यांपाशी थांबतही नाही. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला हाच विषाणू सापडला. आपल्या जिल्ह्यात बोरचा व्याघ्रप्रकल्प आहे. जंगलाकडेच्या गावांतल्या कुत्र्यांना ही लस टोचायची, ती वाघांसाठीही.