सिंगापूरची म्हणविणारी चेरी

ओळख पटल्याशिवाय पाहुण्याला माजघरांत घेऊं नये, असा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचा दंडक असतो. झाडांच्या बाबतींत मात्र तो आपण क्वचितच पाळतों.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणास जातांना वाटेंत बिडकीन लागतें. तेथें एका आप्तांकडे आम्ही उतरलों असतां अंगणांतील झाडाखालीं मुलें लाल फळें वेंचून खातांना दिसलीं. “ही चेरी आहे,” असें मुलें म्हणत, “रानटी झाड, विषारी असेल, आधीं तोडून टाका,” असें आजीबाईंचें म्हणणें. कुऱ्हाडही बाहेर आली होती. दोन्ही पक्ष निर्णयासाठीं आमच्याकडे पाहूं लागले.

खरी चेरी गुलाबाच्या कुलांतील. तिला थंडीचा कडक हिंवाळा लागतो. म्हणून ती काश्मीर-हिमाचलांत पिकते, मराठवाड्याच्या उन्हांत नाहीं. तिच्या फळांत एकच टणक बी असतें. आम्हीं अंगणांतलें फळ फोडलें, तों आंत खसखशीसारखें असंख्य बारीक बीं! पानाची कड करवतीसारखी, खालची बाजू लवदार व चिकट, आणि देठाजवळ पानाचे दोन्ही भाग असमान. फूल पांढरें, पांच पाकळ्यांचें, मध्यें पिंवळ्या केसरांचा झुबका. एवढ्या खुणा जुळल्यावर शंका उरली नाहीं. लोक जिला सिंगापूर चेरी म्हणतात तीच ही, ‘मुंटिंगिया कॅलाब्युरा’.

नांव सिंगापूरचें असलें तरी हिचें माहेर मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पेरू-बोलिव्हियापर्यंतच्या उष्ण प्रदेशांत आहे. 1753 सालीं लिनीअसनें डच वनस्पतिशास्त्रज्ञ मुंटिंग यांच्या स्मरणार्थ हें नांव नोंदविलें. झाड झपाट्यानें वाढतें व सावली दाट देतें. पिकलेलें फळ गोड असून खाण्यास योग्य आहे. त्याचा मुरंबाही करतात. पांखरें व वटवाघळें बीं दूरवर नेतात, म्हणून तें न लावतांही भिंतीच्या कडेला उगवतें. नको तेथील रोप मात्र लहानपणींच उपटावें.

तथापि आजीबाईंची सावधगिरी चुकीची नव्हती. गुंजही लाल आणि सुंदर, पण तिचें बीं चावल्यास प्राणघातक ठरतें. यास्तव केवळ रंगावरून फळ तोंडांत घालूं नये आणि केवळ भीतीनें झाडही तोडूं नये. पान, फूल व फळ हे तिन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तरच निर्णय द्यावा.

कुऱ्हाड परत कोनाड्यांत गेली. आजीबाईंनीं एवढीच अट घातली कीं, फळें धुतल्याशिवाय खावयाचीं नाहींत आणि वरच्या फांद्यांवरचीं पांखरांस ठेवावयाचीं.