दोष कोणाचा?

सुनेचा गर्भ दोन-तीन वेळां गळाला, कीं आमच्या मालवणाकडे अद्यापि कित्येक घरीं प्रथम देवास गाऱ्हाणें घालतात, मग कौल लावतात. रक्त तपासण्याची आठवण सर्वांत शेवटीं होते. आमच्या नात्यांतील एका घरीं असेंच झालें. तीन वेळां गर्भ गळाला आणि तिन्ही वेळां बोल सुनेस लागला. आम्हीही तेथें होतों व गप्प राहिलों. पुढें तिचा डावा पाय एकाएकीं सुजला, तेव्हां खरें कारण उजेडांत आलें.

या विकारास ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ म्हणतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनीं १९८३ सालीं त्याचें वर्णन केलें. परक्या जंतूंशीं लढण्यासाठीं शरीर जीं प्रतिपिंडें निर्माण करतें, तशींच येथें स्वकीय द्रव्यांवर उलटतात. सिंधुदुर्गाच्या तटावरील पहारेकऱ्यांनीं आपल्याच गलबतांवर तोफा डागाव्या, तसा हा प्रकार! मग पायाच्या शिरेंत, फुप्फुसांत, मेंदूंत रक्त गोठतें. वारेचें कार्य बिघडून गर्भाचें पोषण खुंटतें. हींच प्रतिपिंडें उपदंशाच्या एका जुन्या रक्तपरीक्षेंत खोटा होकारही देतात. निष्कलंक स्त्रीवर किटाळ येण्यास एवढें पुरे.

एका तपासणीनें निदान पक्कें होत नाहीं. निदान १२ आठवड्यांनीं ती पुन्हां करावी लागते. मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ आहे. १९५७ सालीं रक्तगटांचें केंद्र म्हणून आरंभ झालेल्या या संस्थेंत वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचा याच अंगानें अभ्यास झाला आहे.

उपाय आहे. गर्भारपणीं बहुधा ॲस्पिरिनची अल्प मात्रा व हेपॅरिनचीं इंजेक्शनें देतात. एरव्हीं, रक्त एकदां गोठलेलें असल्यास, वॉर्फरिन बहुधा जन्मभर घ्यावें लागतें. तें मात्र गर्भास अपायकारक आहे. वॉर्फरिन घेणाऱ्यांनीं टाकळा, अळू, शेवग्याचा पाला वर्ज्य करूं नये. परंतु पहिल्या पावसाचा टाकळा आला म्हणून एकदम ताटभरही खाऊं नये. हिरव्या पाल्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा जोर कमी करतें.

गाऱ्हाणें घालण्यास आमची हरकत नाहीं. रक्तही तपासावें, एवढेंच मागणें.

त्या सुनेस चौथ्या खेपेस कन्या झाली. बारशास तिनें आम्हांस वांकून नमस्कार केला. आशीर्वाद देतांना मान आमचीच खालीं गेली.