चेहऱ्यावर ठोकलेला डोंगर : जोगळटेंभीची नाणी आणि सातवाहनांचं राजचिन्ह

क्रोएशियाचा फुटबॉल संघ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितला असेल. लाल-पांढऱ्या चौकटींचा शर्ट. त्या चौकटी म्हणजे त्या देशाचं राजचिन्ह. त्या ढालीच्या डोक्यावर मुकुटासारख्या पाच लहान ढाली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकीला अर्थ आहे. शेळी दिसली की इस्त्रिया, बिबट्यांची तीन मुंडकी दिसली की दाल्मातिया. तिकडे अगदी छोट्या गावालाही आपला ध्वज आणि आपली ढाल असते. कुठला रंग कशासाठी, कुठला प्राणी कशासाठी, हे बहुतेक वेळा कागदावर नोंदलेलं असतं.

आपल्याकडे चिन्हं भरपूर, पण असा कागद सहसा नसतो. मग अर्थ लावायचा कसा? त्यासाठी आज लांब जायचं नाही. नाशिकच्या जवळच, सिन्नर तालुक्यात गोदाकाठी जोगळटेंभी नावाचं गाव आहे. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. साठा केवढा, तर 13,250 हून जास्त नाणी! रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली आणि 1908 मध्ये त्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. नाणी मुळात सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रपाची. पण त्यांतल्या सुमारे 9,270 नाण्यांवर नंतर दुसऱ्याच राजाचा ठसा मारलेला होता. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी.

आधी नहपानाचं नाणं कसं होतं ते बघू. वजन दोन ग्रॅमच्या आसपास, आकार नखाएवढा. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांमध्ये नाव. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या! व्यापार कुठून कुठवर चालत होता हे त्यावरूनच कळतं.

गौतमीपुत्राने ही नाणी वितळवली नाहीत. तेच नाणं ऐरणीवरच्या ठशावर ठेवायचं, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर उमटला, वर चंद्रकोर, खाली नदीसारखी नागमोडी रेघ, भोवती गौतमीपुत्राचं नाव. मागे बाण आणि वज्राच्या जागी अधिकचं चिन्ह आलं, त्याच्या चारही टोकांना एकेक गोल. एक मात्र झालं. हाताने मारलेला घाव सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कडेने नहपानाचं नाक, हनुवटी, एखादं ग्रीक अक्षर अजून डोकावतं. पहिल्यांदा असं नाणं भिंगाखाली बघणारा माणूस दचकतोच.

वितळवून नवी का पाडली नाहीत? मला वाटतं, उत्तर पांडवलेण्यांत आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण भिक्षूंसाठी ठेव म्हणून दिले. त्यांतले 2,000 गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना एक टक्क्याने, आणि 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. (आजच्या बँकेतल्या ठेवीदारांनी हिशेब करून बघावा!) म्हणजे हा पैसा बाजारात खोलवर मुरलेला होता. तो एकदम काढून घेतला तर बाजारच बसेल. चांदी तीच ठेवा, फक्त मालक बदला.

गंमत म्हणजे असाच प्रकार याच नाशिकात पुन्हा घडला. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा तयार नव्हत्या. तेव्हा नाशिकरोडच्या छापखान्यात सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याच्या भारतीय नोटांवरच इंग्रजी आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ असं छापून त्या 1948 मध्ये तिकडे चलनात आल्या. घाई असते तेव्हा राज्यं हेच करतात.

गौतमीपुत्राने जमिनीवरही असाच ठसा मारला. तिसऱ्या लेण्यात त्याची आज्ञा कोरलेली आहे, राज्यवर्ष 18, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली. आजवर उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनांचं शेत आता भिक्षूंना द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. दान मिळणारे भिक्षूच, फक्त देणाऱ्याचं नाव बदललं. त्याच लेण्यात पुढे त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात तिने मुलाला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटलंय. जोगळटेंभीची नाणी म्हणजे त्या दाव्याचा हातात धरता येणारा पुरावा.

आता चिन्हांचा अर्थ. तीन कमानींना जुन्या अभ्यासकांनी ‘चैत्य’ म्हटलं, म्हणजे बौद्ध स्तूप. आज बहुतेक जण त्याला डोंगर म्हणतात. सह्याद्रीकडे रोज बघणाऱ्या आपल्याला ते लगेच पटतं, पण जरा थांबा. हाच डोंगर, वर चंद्रकोर असलेला, सातवाहनांच्या आधीच्या आहत नाण्यांवरही आहे, आणि ती नाणी उत्तरेतही चालत. म्हणजे हा आपलाच डोंगर, असं म्हणता येत नाही. चार गोलांच्या चिन्हाचं तसंच. काहींना त्यात चार दिशा दिसतात. त्याला ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात, पण ते नाव आधुनिक नाणकशास्त्रज्ञांनी दिलेलं, उज्जैनच्या नाण्यांवर ते खूप सापडतं म्हणून. बलश्रीच्या लेखातल्या प्रदेशांच्या यादीत अवंती आहे, म्हणून हे उज्जैन जिंकल्याचं चिन्ह, असं सांगायचा मोह होतो. पण गौतमीपुत्राच्या आधीच्या सातवाहन नाण्यांवरही ते आहेच.

तेव्हा नुसतं चित्र बघत बसून फार हाती लागत नाही. ते कुणी, कशावर, कुणाच्या जागी मारलं हे बघावं लागतं. पुढे काय झालं बघा. नहपानानंतर चष्टनाचं दुसरं क्षत्रप घराणं आलं. तेही शकच, आणि त्याचा नातू रुद्रदामन याने सातकर्णीला दोनदा हरवल्याचं जुनागढच्या लेखात म्हटलंय. पण या घराण्याने आपल्या नाण्यांवर कोणतं चिन्ह घेतलं? तोच तीन कमानींचा डोंगर! सुमारे तीनशे वर्षं त्यांनी तो चालवला. आणि इकडे पुळुमावी, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर क्षत्रपांच्या धाटणीने राजाचा चेहरा घातला. बापाने ज्याच्यावर हातोडा मारला, तेच वळण मुलाने उचललं. एव्हाना लोकांना चांदीचं नाणं म्हटलं की चेहराच अपेक्षित असणार.

इ. स. 400 च्या सुमारास दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचं राज्य घेतलं. त्याने नाण्याचं वजन तेच ठेवलं, घडण तीच ठेवली, दर्शनी चेहराही तसाच ठेवला. फक्त मागच्या बाजूचा डोंगर काढला आणि तिथे गुप्तांचा गरुड बसवला.