महायुद्धाचा हिशेब : तोफा थांबल्या, देणी थांबली नाहीत

महायुद्ध म्हटले की तोफा, खंदक आणि सेनापतींची नावे आठवतात. शाळेच्या पुस्तकात बहुधा तेवढेच असते. पण १९१४ ते १९१८ चे पहिले महायुद्ध पेढीवर, गोदीत आणि बाजारातही लढले गेले. आमच्या व्यापारी वाचकांसाठी आज आम्ही त्याची खातेवही उघडत आहोत.

दोन गट, एक बाजार

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा करार १८७९ चा. १८८२ मध्ये इटली त्यात आली. दुसरीकडे फ्रान्स व रशिया १८९४ मध्ये एकत्र आले आणि ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी, १९०७ मध्ये रशियाशी जुनी भांडणे मिटवली. अशा रीतीने युरोपचे दोन तट पडले. गंमत अशी की हे शत्रू एकमेकांचे गिऱ्हाईक होते. जर्मन मालाचा सर्वांत मोठा खरेदीदार ब्रिटनच होता. नॉर्मन एंजल या लेखकाने १९१० च्या सुमारास मांडले होते की, अशा जगात युद्ध जिंकणाऱ्याच्याही पदरात काही पडत नाही. पुष्कळांनी त्याचा अर्थ 'म्हणजे युद्ध होणारच नाही' असा घेतला. हिशेब बरोबर होता, निष्कर्ष चुकला.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. ४ ऑगस्टपर्यंत युरोपातील पाच बडी राष्ट्रे युद्धात उतरली होती.

आधी कोसळली ती हुंडी

गोळीबार सुरू होण्याआधीच बाजार हादरला. ३१ जुलैला लंडनचा शेअरबाजार बंद झाला, तो जानेवारी १९१५ मध्ये उघडला. न्यूयॉर्कनेही त्याच दिवशी दारे लावली. १ ऑगस्टला बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १० टक्क्यांवर गेला. कारण साधे होते. जगभरच्या व्यापाऱ्यांच्या हुंड्या लंडनच्या पेढ्यांनी स्वीकारलेल्या होत्या. जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येणारा पैसा थांबताच भरभक्कम पेढ्याही अडचणीत आल्या. माल चोख, नाव मोठे, पण वसुली अडकलेली! अखेर सरकारने हमी घेतली आणि बँकेने त्या हुंड्या विकत घेतल्या, तेव्हा गाडे पुढे सरकले.

समुद्रावरही तेच. युद्धाची जोखीम खासगी विम्याला पेलणारी नव्हती. ब्रिटिश सरकारने जहाजांच्या युद्धविम्यातील ८० टक्के जोखीम स्वतःकडे घेतली. 'एमडेन' या एकट्या जर्मन जहाजाने २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासचे तेलसाठे पेटवले आणि बंगालच्या उपसागरातील वाहतूक अडवून धरली. पुढे एप्रिल १९१७ या एका महिन्यात पाणबुड्यांनी सुमारे साडेआठ लाख टनांची जहाजे बुडवली. त्यानंतर जहाजांचे तांडे करून त्यांना आरमाराचे संरक्षण दिले गेले, तेव्हा नुकसान आटोक्यात आले. त्या जहाजांवर आपले खलाशीही होते. मस्जिद बंदरच्या खलाशीगृहातील स्मारक अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची आठवण जपते.

एकाच दुकानावर भिस्त

कृत्रिम रंगांचा धंदा जवळपास जर्मनीच्या मुठीत होता. जर्मनीच्या कृत्रिम निळीने हिंदुस्थानची नीळ मारली होती. युद्धात तो माल बंद होताच गिरण्यांना रंग मिळेना आणि आपली नीळ काही काळ पुन्हा वधारली. मँचेस्टरचे कापड कमी आल्याने मुंबईच्या गिरण्यांनाही वाव मिळाला. उलट बाजूने, जर्मनीला चिलीचा सोरा मिळेना. तिने हवेतल्या नत्रापासून खत आणि दारूगोळ्याचा कच्चा माल बनवण्याचे कारखाने वाढवले. पुढे याच शोधाने चिलीचा धंदा बसवला. गेलेले गिऱ्हाईक परत येतेच असे नाही.

कर्जाची वही

ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज युद्धापूर्वी सुमारे ६५ कोटी पौंड होते, युद्धानंतर ७०० कोटींच्या वर गेले. जगाला कर्ज देणारे ब्रिटन अमेरिकेचे देणेकरी झाले. त्या युद्धकर्जाचे शेवटचे रोखे २०१५ मध्ये फेडले गेले. रशियाच्या नव्या राजवटीने १९१८ मध्ये झारची कर्जे नाकारली आणि फ्रान्समधील असंख्य लहान ठेवीदार बुडाले. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागले. उस्मानी सल्तनतीच्या महसुलाचा मोठा भाग १८८१ पासूनच परदेशी सावकारांच्या मंडळाकडे होता. सल्तनत गेली, पण तिच्या कर्जाचा आपल्या वाट्याचा शेवटचा हप्ता तुर्कस्तानने १९५४ मध्ये भरला.

हिंदुस्थाननेही मोजले. १९१७ मध्ये सरकारने इथल्या तिजोरीतून १० कोटी पौंडांची 'भेट' ब्रिटनला दिली. चांदी इतकी तुटली की त्याच वर्षी पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट निघाली. १९१८ मध्ये अमेरिकेकडून २० कोटी औंस चांदी घ्यावी लागली.

खरा फटका मात्र शांतता झाल्यावर बसला. युद्धापूर्वी रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा होता. फेब्रुवारी १९२० मध्ये तो २ शिलिंग ८ पेन्सच्याही वर गेला. विलायती माल स्वस्त वाटला आणि आयातदारांनी भरमसाट मागण्या नोंदवल्या. १९२१ मध्ये रुपया पुन्हा १ शिलिंग ४ पेन्सच्या खाली आला. म्हणजे १०० पौंडांचा जो माल ७५० रुपयांत पडेल असे धरले होते, त्याला १५०० हून अधिक मोजण्याची वेळ आली. पुष्कळ व्यापाऱ्यांनी माल उचलण्यास नकार दिला. पैसा गेला आणि त्याबरोबर शब्दही गेला. बाजारात दुसरे नुकसान भरून यायला जास्त वेळ लागतो.

या वहीतून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. एकाच पुरवठादारावर किंवा एकाच वाटेवर सारा धंदा उभा करू नये. चढत्या दराकडे पाहून उद्याचा सौदा करू नये. आणि फेडण्याची ताकद असेल तेवढाच शब्द द्यावा. लढाई सुरू करणे आपल्या हाती नसते, पण आपली वही आपल्याच हाती असते.