विश्लेषण : कुंभमेळा बाराऐवजी अकराव्या वर्षी कसा?

वडूजवरून वाहणारी येरळा पुढे कृष्णेला मिळते. त्याच कृष्णेकाठी वाईला २०१६ मध्ये कन्यागत पर्वकाळ होता. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत, सिंहेत आला की नाशिकचा सिंहस्थ. दोन्ही बारा वर्षांनी. मग हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर थेट २०२१ मध्ये, म्हणजे अकराव्याच वर्षी कसा भरला?

हिशेब कुठे चुकतो?

चुकत नाही. गुरूला सूर्याभोवती एका फेरीला पूर्ण बारा नव्हे, ११.८६ वर्षे लागतात. दर फेरीला सुमारे पन्नास दिवस वाचतात. सात फेऱ्या ८४ ऐवजी ८३ वर्षांतच होतात आणि एक वर्ष मध्येच गळते. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींत वाटली तर एका राशीला साधारण अडीच, तीन राशींना साडेसात. साडेसातीचा आकडा इथून आला. (शनीला आपल्या नोकरी-लग्नाशी काही देणेघेणे नाही, हा भाग वेगळा.)

हे ग्रह इतके संथ का?

वाट लांब आणि सूर्याची ओढ कमी. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर धावते, गुरू १३, तर नेपच्यून जेमतेम साडेपाच. १८४६ मध्ये शोध लागल्यापासून नेपच्यूनची पहिली फेरी पूर्ण झाली ती २०११ मध्ये! स्वतःभोवती मात्र हे ग्रह गरगर फिरतात. गुरूचा दिवस दहा तासांचाही नाही.

तिथे उतरता येईल?

नाही, कारण पाय टेकायला जमीनच नाही. गुरू आणि शनी हे मुख्यतः हायड्रोजन व हेलियमचे गोळे. ‘गॅलिलिओ’ यानाचे उपकरण ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या वातावरणात शिरले, तासाभराच्या आतच दाब आणि उष्णतेने निकामी झाले. तोवर ते वातावरणाच्या वरच्या थरातच होते. शनीची घनता तर पाण्याहून कमी आहे.

युरेनस (पंचांगातला ‘हर्षल’, १७८१ मध्ये तो शोधणाऱ्या विल्यम हर्शेलच्या नावावरून) आणि नेपच्यून यांना आता वायुग्रह न म्हणता हिमग्रह म्हणतात. त्यांच्या पोटात पाणी, अमोनिया, मिथेन जास्त. युरेनस जवळजवळ आडवा पडून फिरतो, त्यामुळे त्याच्या ध्रुवावर ४२ वर्षे उजेड, ४२ वर्षे अंधार. या दोघांजवळून आजवर एकच यान गेले, ‘व्हॉएजर-२’.

गुरू आणि शनी दिसायला दुर्बीण लागत नाही. ती असेल, अगदी लहानशी, तर खटावच्या अंधाऱ्या माळावरून गुरूशेजारी एका रेषेत चार ठिपके शोधा. ते त्याचे चंद्र. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतील.