उतारवयाचा हिशेब

‘पेन्शन’ हा शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की, तो परका आहे याचे भान आता कोणासही राहिलेले नाही. महिन्याच्या आरंभी बँकेत पासबुक भरून घेण्यास निघालेले आजोबा आणि नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी चाललेली त्यांची लगबग आपण सर्वांनीच पाहिली आहे. परंतु ही रक्कम येते कोठून, ती किती असावी हे कोण ठरवितो आणि कशाच्या आधारे ठरवितो, हा प्रश्न शाळेत असताना आमच्या मनास कधी शिवला नव्हता. या शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयात संख्याशास्त्राचा अभ्यास करीत असता, २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडोदऱ्यातील एका निवृत्तिवेतन-सल्लागाराच्या कार्यालयात दोन महिने उमेदवारी करण्याचा योग आम्हांस आला. तेथे जे पाहिले व जे शिकलो, ते आमच्या धाकट्या बंधुभगिनींस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस मराठी राज्यात बालपरवेशी मिळत असे. मराठी राज्य १८१८ साली बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावास इंग्रजांनी सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक करून ब्रह्मावर्तास धाडले. आणि १८५१ साली तो वारल्यावर तीच नेमणूक त्याच्या दत्तक पुत्रास, म्हणजे नानासाहेबास, नाकारली. या दोन्ही गोष्टींत देणाऱ्याची मर्जी हाच खरा कायदा होता. सामान्य कामकऱ्यांसाठी देशव्यापी वृद्धापकाळ-विम्याचा कायदा करण्याचा मान जर्मनीकडे जातो. बिस्मार्क चॅन्सेलर असताना १८८९ साली तो संमत झाला आणि निवृत्तिवेतनाचे वय त्यात ७० ठरविण्यात आले. पुढे १९१६ साली ते ६५ वर आणले गेले. आपल्या देशात भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला, आणि त्याच्या आधाराने कारखाने व खासगी आस्थापने यांतील नोकरांसाठी कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आली. निवृत्तिवेतन हे बक्षीस नव्हे, मालकाच्या कृपेवर अवलंबून असलेले दानही नव्हे, तर केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात दिला. त्या पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे होते.

आता कार्यालयाच्या कामाकडे वळू. एखाद्या कारखान्यात शेकडो माणसे कामास असतात. त्यांपैकी प्रत्येकास निवृत्तीच्या वेळी उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, रक्कम द्यावयाची असते. काही ठिकाणी तहहयात वेतनही द्यावयाचे असते. हे देणे वीस-तीस वर्षांनी द्यावयाचे असले, तरी त्याची जबाबदारी आजच अंगावर असते. तिच्यासाठी आज किती रक्कम बाजूस ठेवली पाहिजे, हे गणिताने काढून देणाऱ्या तज्ज्ञास ‘ॲक्चुअरी’ असे म्हणतात. आमच्या कार्यालयाचे प्रमुख अशा तज्ज्ञांपैकी होते, आणि त्यांच्या सहीवाचून कोणताही अहवाल बाहेर जात नसे.

या गणिताची दोन मुख्य अंगे आहेत. पहिले अंग व्याजाचे. दहा वर्षांनी १०० रुपये हाती यावयास हवे असतील, तर दरसाल ७ टक्के चक्रवाढ व्याजाने आज सुमारे ५१ रुपये गुंतविले म्हणजे पुरते. दुसरे अंग आयुष्याचे. आज नोकरीत असलेल्या १०० माणसांपैकी दहा वर्षांनी समजा ८०च हयात राहणार असतील, तर प्रत्येकी १०० रुपये ८० जणांनाच द्यावे लागतील. तेव्हा आज एकंदर ४,०६७ रुपये, म्हणजे माणशी सुमारे ४१ रुपये, बाजूस ठेवले तरी चालेल. हेच गणित ६ टक्के दराने केले, तर ४,०६७ च्या जागी ४,४६७ रुपये लागतात. व्याजाचा दर एका टक्क्याने उतरला की देण्याचा बोजा जवळजवळ दशांशाने वाढतो, हे पाहून आम्ही चकित झालो. वर्गात चक्रवाढ व्याजाची उदाहरणे सोडविताना त्या सूत्रामागे कोणाची भाकरी असेल, असे कधी वाटले नव्हते.

किती माणसे हयात राहतील हे कसे ओळखावयाचे? एका माणसाचे आयुष्य कोणासच सांगता येत नाही. परंतु पुष्कळ माणसांचा समुदाय घेतला, तर त्यांतील किती कोणत्या वयापर्यंत पोहोचतील, याचा अंदाज बांधता येतो. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण भूगोलात वाचतो, त्या एडमंड हॅले यानेच १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून अशी एक सारणी प्रसिद्ध केली होती. हे शहर आज पोलंडमध्ये असून त्यास व्रोत्स्वाफ म्हणतात. पुढे १७४४ साली स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकांनी आपल्या विधवांसाठी जो निधी उभारला, तो अशाच गणिताच्या पायावर. आमच्या कार्यालयात २०१२ ते २०१४ या काळातील भारतीय विमाधारकांच्या अनुभवावरून तयार केलेली सारणी वापरीत असत. तिच्यात वयापुढे केवळ एक अपूर्णांक असतो. तो अपूर्णांक म्हणजे त्या वयाचा माणूस वर्षाच्या आत मरण पावण्याचा संभव. प्रथम तो स्तंभ वाचताना अंगावर काटा आला. सवयीने तो बोथट होतो, आणि तसा तो होऊ नये, असे कार्यालयातील वडीलधारे हिशेबनीस आम्हांस वारंवार बजावीत. त्यांस सर्वजण ‘काका’ म्हणत; आम्हीही तसेच म्हणू लागलो.

उमेदवाराच्या वाट्यास हे उच्च गणित क्वचितच येते. आमचे काम होते नोंदी तपासण्याचे. कारखान्याकडून आलेल्या तक्त्यात प्रत्येक कामगाराची जन्मतारीख, नोकरीस लागल्याची तारीख, पगार व मागील नोकरीचा काळ असे रकाने असत. ते ताडून पाहावयाचे, विसंगती टिपावयाची आणि मग तक्ता संगणकात भरावयाचा. जन्माआधी नोकरीस लागलेले गृहस्थ आम्हांस पहिल्याच आठवड्यात भेटले. दोन तारखांची अदलाबदल झाली होती, इतकेच. आणखी एक नवल म्हणजे, जुन्या पिढीतील कितीतरी कामगारांची जन्मतारीख १ जून हीच होती. आम्ही काकांस विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, आईला आठवायचं श्रावण नाहीतर शिमगा. शाळेत नाव घालताना गुरुजी वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून लिहून टाकायचे. त्या तारखेवर माणूस शाळेत बसला आणि त्याच तारखेवर नोकरीतून उठतो.”

अशाच एका १ जूनच्या गृहस्थामुळे आम्हांस या व्यवसायाचे मर्म उमगले. खानदेशातून पोटासाठी इकडे आलेले हे कामगार. त्यांची जन्मतारीख १ जून १९६६. म्हणजे ३१ मे २०२४ रोजी त्यांची ५८ वर्षे पुरी होत होती. त्या कारखान्यात ते जानेवारी २०२१ मध्ये लागले होते, तेव्हा तेथील सेवा ३ वर्षे ५ महिने. तक्त्यात मागील नोकरीचा रकाना कोरा होता. आम्ही तेथे शून्य भरले आणि पुढच्या ओळीकडे वळलो.

येथे योजनेचा नियम सांगितला पाहिजे. त्या वेळी लागू असलेल्या नियमांप्रमाणे मालकाच्या १२ टक्के वर्गणीपैकी पगाराच्या ८.३३ टक्के इतका भाग पेन्शनच्या खात्यात जाई, आणि त्यासाठी पगाराची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये ठरविलेली होती. पेन्शन मिळण्यास १० वर्षांची सेवा आवश्यक असे; मात्र सेवेत सहा महिने वा त्याहून अधिकचा अपूर्णांक आला, तर तो पूर्ण वर्ष धरीत. सेवा कमी पडल्यास थोडी एकरकमी रक्कम हाती पडे आणि प्रकरण कायमचे मिटे. सेवा पुरेशी असेल, तर शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी पगारास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावयाचे. येणारा आकडा म्हणजे मासिक पेन्शन.

सायंकाळी काकांनी तक्ता पाहिला व त्या शून्यावर बोट ठेवले. “हे तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. रकाना कोरा होता,” आम्ही म्हणालो.

“कोरं म्हणजे शून्य नव्हे. कोरं म्हणजे विचारायचं राहिलं. ५४ वर्षांचा माणूस त्याच्याआधी काय घरी बसला होता?”

दुसऱ्या दिवशी कारखान्यामार्फत त्या कामगारांशी बोलणे झाले. एकरकमी रकमेच्या अर्जावर त्यांनी सही करून ठेवली होती. तो कारकुनाच्या टेबलावर पुढे जाण्याची वाट पाहत होता. “दादा, याआधी कुठे होता?” असे काकांनी विचारताच त्यांनी सांगितले की, ऑक्टोबर २०१४ पासून नोव्हेंबर २०२० पर्यंत ते दुसऱ्या एका कारखान्यात होते, टाळेबंदीच्या वर्षी तो बंद पडला. तेथून निघताना ‘एक कागद’ मिळाला होता, तो घरी पेटीत असेल. त्यांच्या मंडळींनी पत्र्याची पेटी उघडली. शिधापत्रिकेच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो कागद नीट घडी करून ठेवलेला निघाला. ते योजनेचे प्रमाणपत्र होते, आणि त्यावर ६ वर्षे २ महिन्यांची सेवा नोंदलेली होती.

६ वर्षे २ महिने आणि ३ वर्षे ५ महिने मिळून ९ वर्षे ७ महिने होतात. सातचा आकडा सहापेक्षा मोठा असल्यामुळे ही सेवा १० वर्षांची धरली जाणार होती. सरासरी पगार १४,००० रुपये. त्यास १० ने गुणून ७० ने भागिले असता २,००० रुपये येतात. हा आकडा फार मोठा नाही, आणि तो मोठा आहे असे भासविण्याचा आमचा हेतूही नाही. वाढत्या महागाईत तेवढ्यात दोन माणसांचा प्रपंच चालणे कठीणच. तथापि तो दरमहा व तहहयात मिळावयाचा होता, आणि त्यांच्या माघारी त्यांच्या पत्नीस त्याच्या निम्मे, म्हणजे १,००० रुपये, मिळत राहावयाचे होते. एकरकमी रकमेचा अर्ज रद्द करून दोन्ही सेवा जोडण्याचा अर्ज करण्यात आला. त्या दिवशी आम्ही घरी पोहोचलो, तेव्हा जेवणावर आमचे लक्ष नव्हते. सारणी, व्याज, सूत्र ही सर्व बिनचूक असतानाही आमच्या एका शून्याने त्या दांपत्याचे दरमहाचे २,००० रुपये कायमचे बुडाले असते.

काही दिवसांनी ते गृहस्थ स्वतः कार्यालयात आले. बोलण्याच्या ओघात ते सहज म्हणाले, “आई सांगायची, मी गौरी-गणपतीतला. पण मास्तरांनी जून लिहिला, ते बरंच केलं म्हणायचं. नाहीतर शाळेत घेतलं नसतं त्या वर्षी.” खरी तारीख लागली असती, तर आणखी तीन महिने त्यांस पगार मिळाला असता. तो हिशेब आमच्या मनात तत्काळ झाला. त्यांच्या मनात मात्र शाळेत प्रवेश मिळाल्याचाच आनंद होता. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी ज्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या राजधानीत बसून आम्ही हे ऐकत होतो. आम्ही गप्प राहिलो.

आता आमच्या बालमित्रांस दोन शब्द. तुम्हांपैकी काही या व्यवसायाकडे वळतील. त्यांनी गणित व संख्याशास्त्र यांचा कसून अभ्यास करावा. ॲक्चुअरीच्या परीक्षा अनेक व दीर्घ असतात, आणि २००६ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय ॲक्चुअरी संस्था त्या घेते. परंतु जे वळणार नाहीत, त्यांसही एक काम आजच करण्यासारखे आहे. आपल्या वडिलांची, आईची, शेजारच्या काकांची कोणकोणती नोकरी कोठे व किती काळ झाली, हे एकदा त्यांस विचारावे आणि वहीच्या एका पानावर तारखांसह लिहून ठेवावे. जुन्या नोकरीचा एखादा कागद पेटीत असेल, तर तो वाचावा. वडीलधाऱ्यांस वाचता येत नसेल, तर त्यांस वाचून दाखवावा. आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात स्वतःची जन्मतारीख व नाव बरोबर लिहिले आहे किंवा नाही, हेही दाखला हाती पडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. कारण दाखला हाती पडल्यावर ती चूक सुधारणे फार जिकिरीचे होते.

उमेदवारी संपली त्या दिवशी काकांचा निरोप घेण्यास गेलो. त्यांच्या समोर नवा तक्ता होता. त्यातील कोऱ्या रकान्यांवर त्यांनी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. त्यांनी मान वर करून आम्हांस बसावयास सांगितले, आणि पहिल्या खुणेच्या कामगाराचा दूरध्वनी क्रमांक आमच्या हाती देऊन म्हणाले, “जाता जाता एवढं विचारून जा.”