आधी खाचर, मग कंपनी
पहिला ट्रॅक्टर घेणाऱ्यांचे काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिला ट्रॅक्टर घ्यायचा असे घरात ठरले की पहिला वाद कंपनीवरून होतो. भावकीतला एक जण लाल ट्रॅक्टरची शिफारस करतो, दुसरा निळ्याची. मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणी हिरव्याची तारीफ करत असतो, तर शोरूममधला माणूस केशरी कसा वर्षानुवर्षे काढतो ते सांगतो. या वादात खाचराची रुंदी, वाडीची वाट आणि वर्षभरातल्या कामाचे तास यांचा विषयच निघत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तरी खरेदी फसते की फळते हे या तीन गोष्टींवर जास्त अवलंबून असते. एकाच वर्गातल्या दोन नामांकित कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी जास्त फरक एकाच कंपनीच्या १५ एचपीच्या आणि ४५ एचपीच्या ट्रॅक्टरांत असतो. म्हणून कंपनीचा प्रश्न सोडून द्यायचा नाही, पण तो सर्वांत शेवटी विचारायचा. नेमके उलटे का होते हे समजून घ्यायचे तर काही रूढ समजुती तपासाव्या लागतील.

गैरसमज: देशात ज्याचा खप जास्त, तोच आपल्यासाठी चांगला

भारतात अलीकडच्या चांगल्या वर्षांत नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले आहेत आणि त्यांत ४० ते ५० एचपीच्या ट्रॅक्टरांचा वाटा मोठा आहे. हा खप मुख्यतः सपाट आणि सलग जमिनीच्या मुलखातला आहे. गव्हाचे, उसाचे, सोयाबीनचे पट्टे जिथे आहेत तिथला शेतकरी ज्या कारणाने एखादे मॉडेल निवडतो, ते कारण संगमेश्वर किंवा लांज्याच्या डोंगरउतारावर लागू होईलच असे नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १.३४ हेक्टर जमीन आहे. कोकणात हीच जमीन चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते. नदीकाठी मळा, त्यावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, वर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि कातळावर आंबा-काजूची बाग. खपाचा आकडा खरा असला तरी तो दुसऱ्याच्या शेताने दिलेले उत्तर आहे.

शिवाय ज्यांना आपण एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी समजतो, त्यांतली काही नावे एकाच घरातली आहेत. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या आराखड्यावर पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ साली बाजारात आणलेला स्वराज २००७ पासून महिंद्राच्या ताब्यात आहे. आयशर ट्रॅक्टरचा व्यवसाय २००५ मध्ये चेन्नईच्या टाफेने घेतला, आणि मॅसी फर्ग्युसन वर्षानुवर्षे बनवणारी कंपनीही तीच. फार्मट्रॅक आणि पॉवरट्रॅक ही दोन्ही नावे आज एस्कॉर्ट्स कुबोटाची आहेत. एका घरातले म्हणून हे ट्रॅक्टर सारखेच आहेत असा याचा अर्थ नव्हे. बोनेटवरच्या नावावरून आतल्या यंत्राबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, एवढाच धडा यातून घ्यायचा.

गैरसमज: एचपी जास्त म्हणजे काम जास्त

यातला सर्वांत साधा घोटाळा मॉडेलच्या आकड्यांचा आहे. ५७५, ७३५, २४१, ५३१० हे आकडे एचपी सांगत नाहीत. महिंद्रा ५७५ पंचेचाळीसच्या आसपास एचपीचा आहे, तर स्वराज ७३५ चाळीसच्या आसपास. दुसरा घोटाळा खुद्द एचपीच्या आकड्याचा. जाहिरातीत दिसतो तो इंजिनाचा एचपी. रोटाव्हेटर, फवारणीचा पंप किंवा मळणी यंत्र चालते ते पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथे पोचणारी ताकद साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी असते. नांगर ओढताना चाके घसरतात तेव्हा ती आणखी घटते. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायची तर पीटीओ एचपीची पीटीओ एचपीशी करावी.

पण मोठा प्रश्न ताकद वापरता येईल का हा आहे. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरमागे पाच-सहा फुटी रोटाव्हेटर लागतो. खाचर अरुंद असेल तर दर फेरीला मागे-पुढे करून वळावे लागते, कोपरे राहतात आणि ते शेवटी कुदळीनेच करावे लागतात. बागेत वेगळीच अडचण. जुन्या हापूसच्या बागेत दोन झाडांत दहा मीटर अंतर असले तरी मोठ्या झाडांच्या फांद्या खाली टेकलेल्या असतात आणि उंच ट्रॅक्टर त्यांच्याखाली शिरत नाही. १५ ते २८ एचपीचे कमी उंचीचे, फोर व्हील ड्राइव्ह छोटे ट्रॅक्टर अशा जागी उपयोगी पडतात आणि आज बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे ते आहेत. त्याहीपेक्षा लहान खाचरांसाठी १२-१३ एचपीचा पॉवर टिलर आहे. तो ट्रॅक्टर नाही म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या खाचरात ट्रॅक्टर उतरूच शकत नाही तिथे टिलरशी तुलना ट्रॅक्टरची नसते, बैलजोडीची असते.

गैरसमज: जितका जड तितका दणकट

कोरड्या, कठीण जमिनीत नांगर ओढायला वजन लागते, त्यामुळे घाटावर ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते. भाताच्या चिखलणीत तेच वजन अंगावर येते. ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आठशे किलोच्या आसपास आणि पॉवर टिलर चारशे-पाचशे किलो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या जिल्ह्यात आर्द्रा-पुनर्वसूत जड यंत्र रुतते, आणि काठाने वळताना खाचराचा बांध ढासळला तर पाणी खालच्या खाचरात जाते. भातात पाणी धरून ठेवायला चिखलाखाली थोडा घट्ट थर हवाच असतो. मात्र तो प्रमाणाबाहेर दाबला गेला तर भातानंतर ओलीवर घेतल्या जाणाऱ्या वाल, कुळीथ, पावट्याची मुळे खाली जात नाहीत. इथे वजनापेक्षा चारही चाकांना मिळणारी ताकद, केज व्हील आणि तेलात बुडालेले ब्रेक जास्त कामाचे, कारण चिखलपाण्यात कोरडे ब्रेक लवकर दगा देतात.

गैरसमज: अमुक कंपनी डिझेल कमी खाते

डिझेल कंपनी खात नाही, एखादे मॉडेल एखाद्या कामाला खाते. त्याचे मोजमाप उपलब्ध आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय शेती यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांची तपासणी करते आणि तिचे अहवाल पाहायला मिळतात. त्यात पीटीओची प्रत्यक्ष ताकद, ठराविक कामाला लागणारे इंधन, हायड्रॉलिकची उचलक्षमता, वळण्याची त्रिज्या असे सगळे मोजलेले असते. कोकणातल्या गिऱ्हाइकाने या अहवालातला एक भाग आवर्जून वाचावा. चिखलणीची चाचणी झाल्यावर क्लच हाउसिंग, ब्रेक आणि पुढच्या चाकांचे हब उघडून आत चिखलपाणी शिरले का हे तपासलेले असते. डीलरकडे मॉडेलचा अहवाल मागण्यात संकोच करू नये.

इंधनाच्या फरकाला किती महत्त्व द्यायचे तेही हिशेबाने ठरवता येते. समजा, दोन ट्रॅक्टरांत दर किलोवॉट-तासाला २० ग्रॅम डिझेलचा फरक आहे आणि कामाचा सरासरी भार १५ किलोवॉट. तासाला ३०० ग्रॅम, म्हणजे साधारण ०.३६ लिटर. वर्षाला १५० तास काम झाले तर ५४ लिटर, आणि लिटरला ९० रुपये धरले तर ४,८६० रुपये. रक्कम सोडून देण्यासारखी नाही, पण ज्या खर्चाकडे कोणाचे लक्षच जात नाही त्यापुढे ती किरकोळ आहे.

गैरसमज: अनुदान मिळाले की ट्रॅक्टर परवडलाच

लक्ष न जाणारा तो खर्च म्हणजे उभ्या ट्रॅक्टरचा. सहा लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षे वापरला आणि शेवटी त्याचे ६० हजार आले, तर घसारा वर्षाला ५४ हजार. अडकलेल्या सरासरी रकमेवर दहा टक्क्यांनी व्याज ३३ हजार. म्हणजे यंत्र जागचे न हलताही वर्षाला ८७ हजार गेले, विमा आणि दुरुस्ती वेगळी. पाठ्यपुस्तकी हिशेबात ट्रॅक्टरने वर्षाला हजार तास काम करावे असे धरतात. तेवढे झाले तर हा बोजा तासाला ८७ रुपये पडतो. कामाचे तास १५० असतील तर तोच ५८० रुपये होतो, डिझेल आणि चालक धरायच्या आधी. दोन एकर भात, एकरभर नाचणी आणि थोडी बाग असलेल्या घरचे काम ५० तासांवर नेणेही कठीण आहे. उलट अडीच लाखांच्या पॉवर टिलरचा याच पद्धतीने काढलेला वार्षिक बोजा ३६ हजारांच्या आसपास येतो. त्याचे काम हळू असते आणि मागे चालणारा माणूस थकतो, हेही मान्य करायला हवे.

अनुदानाने हा हिशेब हलका होतो, पण बदलत नाही. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात किमतीच्या टक्केवारीबरोबर कमाल रकमेची मर्यादाही असते, त्यामुळे महाग मॉडेल घेतले म्हणून अनुदान वाढत जात नाही. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर ते हातचे जाऊ शकते. पॉवर टिलर आणि रोटाव्हेटर यांनाही अनुदान आहे हे अनेकांना ठाऊक नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन घेताना तो नव्या दराने लावला आहे ना, हे जरूर पाहावे.

या हिशेबावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला पुनर्विक्रीचा: नामांकित कंपनीचा जुना ट्रॅक्टरही चांगल्या किमतीला जातो. हे खरे आहे, आणि कंपनीच्या नावाला इथे मोल आहे. पण वरच्याच हिशेबात शेवटी ६० हजारांऐवजी दोन लाख आले तरी वर्षाचा बोजा ८७ वरून ८० हजारांवर येतो. कामाचे तास दुप्पट केल्याने जो फरक पडतो त्याच्या जवळपासही हा जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन चिखलणीत मिळत नाही, सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो, आणि तरवा म्हातारा झाला की उत्पन्न घटते. बरोबर. मात्र हेच कारण उलट बाजूनेही लागू होते. सगळ्यांची घाई एकाच पंधरवड्यात असेल, तर भाड्याने चालवून हप्ते फेडू या आशेला त्या पंधरवड्यापलीकडे आधार उरत नाही. उरलेले वर्ष ट्रॉलीला जोडून चिरा-वाळू वाहू असे कोणी म्हणेल. पण शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर व्यावसायिक वाहतुकीला लावला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. यापेक्षा वाडीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक छोटा ट्रॅक्टर किंवा टिलर घेणे आणि पाळ्या आधीच लिहून ठेवणे जास्त शहाणपणाचे.

गैरसमज: वॉरंटी मोठी, म्हणजे काळजी मिटली

वॉरंटी पैसे वाचवते, दिवस वाचवत नाही. जिल्ह्यातल्या डीलरकडे सुटा भाग नसेल तर तो बहुधा घाटावरून येतो. रत्नागिरीला आंबा घाटातून, चिपळूणला कुंभार्लीतून, राजापूरला अणुस्कुऱ्यातून. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण बुडाले तेव्हा आंबा घाटातही दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. नेमक्या याच दिवसांत ट्रॅक्टर चिखलात असतो. म्हणून कंपनी निवडण्याची खरी जागा इथे आहे. आपल्या तालुक्यात कोणाचा मेकॅनिक दुचाकीवर खाचरापर्यंत येतो, क्लच प्लेट, सील, फिल्टर, फॅन बेल्ट कोणाच्या दुकानात पावसाळ्याआधी भरलेले असतात, आणि त्याच मॉडेलचे चार जुने मालक काय सांगतात, ही चौकशी कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे. देशात पहिल्या क्रमांकाची कंपनी तुमच्या तालुक्यात तिसऱ्या क्रमांकाची असू शकते.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी टेप घेऊन शेतावर जा. सर्वांत लहान खाचराची रुंदी मोजा. रस्त्यापासून शेतापर्यंत वाटेत पाखाडी किती, गडग्यातली सर्वांत अरुंद जागा किती फुटांची, ते लिहा. वर्षातल्या कामाचे तास महिन्यागणिक मांडा. त्यावरून यंत्राचा प्रकार आणि एचपी ठरेल, आणि कधी कधी यंत्र विकत घेऊच नये असेही ठरेल. शंका असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकीच्या तज्ज्ञांना विचारा. मग उरलेल्या दोन-तीन मॉडेलांचे परीक्षण अहवाल शेजारीशेजारी ठेवा आणि डीलरला आपल्याच खाचरात, आपल्याच चिखलात यंत्र चालवून दाखवायला सांगा. जो याला तयार होत नाही, त्याच्याकडून कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर घेऊ नका.